कलप, डाय आणि कलर

मराठीत एकाच कामाला तीन शब्द आहेत. आमच्या वडिलांच्या पिढीतले पुरुष ‘कलप लावायचे’. आमच्या पिढीने ‘डाय केला’. आता आमच्या सुना आणि नाती ‘कलर करतात’. काम तेच, पांढऱ्या केसांना दुसरा रंग द्यायचा. पण शब्द बदलला की त्याच्यामागे आणखी काहीतरी बदललेले असते, हे इतकी वर्षे मराठी शिकवून माझ्या डोक्यात पक्के बसले आहे. ‘कलप’ या शब्दात थोडी चेष्टा होती. नाटकातला घोडनवरा कलप लावून यायचा आणि प्रेक्षक हसायचे. ‘डाय’ या शब्दात लपवाछपवी होती. ‘कलर’मध्ये लपवायचे काहीच नाही, उलट चारचौघींना दाखवायचे आहे. या तीन शब्दांच्या मधला इतिहास आज सांगायचा विचार आहे. तो बहुतेक घराघरांतल्या न्हाणीघरांत घडला, म्हणून पाठ्यपुस्तकात कधी आला नाही.

सुरुवात मात्र बरीच मागे जाऊन करावी लागेल. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली. ग्रहतारे, पाऊस, घरबांधणी, रत्ने असे सगळे विषय असलेल्या या ग्रंथात सुगंधी द्रव्यांवर एक अध्याय आहे, आणि तो अध्याय सुरू होतो केस काळे करण्याच्या कृतीपासून! त्याचे म्हणणे असे की डोक्यावरचे केस पांढरे असतील तर माळा, अत्तरे, वस्त्रे, दागिने काहीच शोभत नाही, म्हणून आधी केसांचे बघा. कृती अशी: लोखंडी भांड्यात कोद्र्याचे तांदूळ, म्हणजे कोकणातला हरीक, लोखंडाच्या चुऱ्याबरोबर आंबट द्रवात शिजवायचे. बारीक वाटून डोक्याला लेप द्यायचा, वर रुईची पाने बांधायची. दोन प्रहर झाले की तो काढून आवळ्याचा लेप लावायचा, पुन्हा पाने बांधायची आणि आणखी दोन प्रहरांनी धुवायचे. मग लोखंडाचा आणि आंबट वास जावा म्हणून सुगंधी तेले आणि स्नान.

ही कृती वाचली तेव्हा मला आजीची लोखंडी कढई आठवली. रात्री मेंदी भिजवायची तर लोखंडी कढईतच, आणि त्यात आवळकाठीची पूड. वराहमिहिराच्या लेपात मेंदी नाही, पण लोखंड आणि आवळा आहेत. आवळ्यातले तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळची काळी शाईसुद्धा याच तत्त्वावर बनत असे. म्हणजे आजीच्या कढईत जे चालले होते त्याला जवळजवळ दीड हजार वर्षांची परंपरा होती. आजीला अर्थात याची कल्पना नव्हती. तिचे कारण ठरलेले असे, “मेंदीने डोकं थंड राहतं.”

हे कारण महत्त्वाचे आहे. मेंदी थंड म्हणून लावायची, माका केस वाढावेत म्हणून लावायचा, आवळा डोळ्यांसाठी चांगला. केस काळे दिसावेत म्हणून लावते, असे म्हणायची सोय बाईला नव्हती. पुरुषाने कलप लावला तर लोक हसत. बाईने तसे काही केले असते तर नुसते हसून भागले नसते.

कारण आपल्याकडे बाईचे केस हे तिचे स्वतःचे नव्हतेच. नवरा गेला की उच्चवर्णीय घरांत न्हाव्याला बोलावून तिचे केस उतरवले जात. अठरा-वीस वर्षांच्या मुलींचेसुद्धा. याच्या विरोधात मुंबईत जी एक मोठी गोष्ट घडली ती करणारे सुधारक पदवीधर नव्हते, ते होते न्हावी. १८९० मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि यापुढे विधवांचे केशवपन करणार नाही असा ठराव त्यांनी केला. ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला. मला ही घटना नेहमी फार मोठी वाटत आली आहे. लोखंड्यांचे आणखी एक काम आपण दर आठवड्याला अनुभवतो. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच प्रयत्नाने, १० जून १८९० रोजी. आज उपनगरांतल्या घराघरांत केस रंगवायचा वार कोणता? रविवार! बाईचे केस आणि रविवार, दोन्हीच्या मागे एकच माणूस उभा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

आता जरा परदेशात जाऊ, कारण कलपाचा ‘डाय’ झाला तो तिकडे.

१८५६ मध्ये लंडनमधला अठरा वर्षांचा विद्यार्थी विल्यम पर्किन प्रयोगशाळेत क्विनीन बनवायच्या खटपटीत होता. मलेरियावरचे ते औषध हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांना हवेच होते. क्विनीन काही बनले नाही, पण दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या द्रव्यातून सुरेख जांभळा रंग मिळाला. तिथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पर्किनचे गुरू हॉफमन यांनी १८६३ मध्ये पॅरा-फिनिलीन-डायअमीन या द्रव्याचा अभ्यास केला. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे त्याला पीपीडी म्हणतात. याची गंमत अशी की ते स्वतः जवळजवळ बिनरंगी असते. हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग झाला की त्याचे छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे, गडद रेणू तयार होतात. अमोनियाने केसाचे बाहेरचे खवले थोडे उघडायचे, छोटे रेणू आत शिरू द्यायचे, आत गेल्यावर ते मोठे झाले की त्यांना बाहेर पडता येत नाही. पाहुणे दारातून आत आले आणि आत जेवून इतके जाड झाले की दारातून निघेनात, असे मी मुलांना सांगितले असते!

१९०७ मध्ये पॅरिसमध्ये यूजीन श्युलर नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाने केसांचा असा रंग तयार केला आणि तो केशकर्तनकारांना विकू लागला. १९०९ मध्ये त्याने कंपनी काढली, तीच पुढे लोरिआल झाली. श्युलर हा रंग सुरुवातीला आपल्या राहत्या जागेतच बनवत असे. म्हणजे आज ज्याला आपण ‘सलूनचा माल’ म्हणतो तो पहिल्यांदा एका घरात बनून सलूनमध्ये गेला. घरी लावायला तो परत आला तेव्हा एक वर्तुळ पूर्ण झाले इतकेच. हे परतणे ठळकपणे घडले अमेरिकेत, १९५६ च्या सुमारास. क्लेरॉल कंपनीने घरी लावायचा रंग काढला आणि त्याची जाहिरात शर्ली पॉलिकॉफ या बाईंनी लिहिली. जाहिरातीचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: ही रंग लावते की नाही, कुणाला कळणार नाही. लपवाछपवी फक्त आपल्याच न्हाणीघरात होती असे नाही.

आपल्याकडे मुंबईत १९५७ मध्ये हायजिनिक रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली. नाव प्रयोगशाळेसारखे असले तरी आपल्याला तिची ओळख आहे ती वास्मोलमुळे. वास्मोल केशकालाची बाटली तेलासारखी वापरली जायची. कपाटात तेलाच्या बाटलीशेजारी उभी राहिली तर कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. मला वाटते तिच्या लोकप्रियतेचे अर्धे कारण हेच असावे. दुसरे नाव गोदरेजचे. सेंट्रल लाईनवर घाटकोपर सोडले की विक्रोळी येते, आणि विक्रोळी म्हटले की गोदरेज. आम्हा मुलुंड-भांडुपकरांच्या लेखी गोदरेज म्हणजे कपाटे, कुलुपे आणि साबण. पण आमच्या पिढीच्या डोक्यावरचा काळा रंगही बऱ्याच अंशी याच नावाचा होता. आधी बाटलीतला डाय, मग पुडीतला. पुडीने खरी क्रांती केली. पीपीडी आणि त्याला जागे करणारे द्रव्य, दोन्ही कोरडी पूड करून एकत्र ठेवलेली. पाणी घाला, कालवा, लावा. बाटल्यांचे मोजमाप नाही, उरलेला रंग ठेवायची भानगड नाही. पुडी उघडली की एका वेळेत संपली, पुरावाही कचऱ्यात!

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही दहा-बारा जणी होतो. चाळिशी उलटली तरी कुणाचे केस पांढरे नाहीत. सोमवारी सकाळी मात्र कुणाच्या कपाळाच्या कडेला काळसर रेघ, कुणाच्या कानाच्या पाळीवर डाग, कुणाची नखे काळी. सगळ्यांना सगळे दिसायचे, बोलायचे कुणी नाही. आम्ही पुरुष शिक्षकांच्या मिशांवरून हसत असू, कारण केस काळे कुळकुळीत आणि मिशी तांबूस असा प्रकार नेहमी व्हायचा. पण आपापसांत कधी विषय निघाला नाही.

याला नुसती हौस म्हणून सोडून देऊ नये. त्या काळी बायका मोठ्या संख्येने नोकऱ्यांसाठी घराबाहेर पडल्या होत्या. बँका, एलआयसी, टेलिफोन, मंत्रालय, शाळा. बोरिवलीहून चर्चगेट, मुलुंडहून व्हीटी असा रोजचा प्रवास. कचेरीत पांढऱ्या केसांच्या पुरुषाला ‘अनुभवी’ म्हणत आणि पांढऱ्या केसांच्या बाईला ‘आता थकल्या हो’ म्हणत. रविवारी दोन तास न्हाणीघर अडवून बसणारी बाई सोमवारच्या त्या एका वाक्यापासून स्वतःला वाचवत होती. मी तिला नटवी म्हणणार नाही.

पण या लपवण्याची एक किंमत होती, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. पीपीडी काही माणसांच्या कातडीला मुळीच सोसत नाही. हे युरोपात फार लवकर कळले होते. जर्मनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केसांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली होती. अमेरिकेत १९३३ मध्ये लॅश ल्यूर नावाच्या पापण्यांच्या रंगाने बायकांचे डोळे गेले, त्यानंतर १९३८ मध्ये तिथे कायदा कडक झाला. आपल्या देशातही औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या १९४५ च्या नियमांमध्ये केसांच्या अशा रंगांसाठी वेगळी तरतूद होती. वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत सावधगिरीची सूचना हवी, आधी कातडीवर चाचणी करा असे सांगायला हवे, भुवयांना आणि पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते, हेही लिहायला हवे. सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० मध्ये स्वतंत्र नियम झाले.

सूचना असायचीच. पण ती इतक्या बारीक अक्षरात असे की ज्या वयात डाय लागतो त्या वयात ती चष्म्याशिवाय वाचता येत नसे! आणि जी गोष्ट चोरून करायची तिची चाचणी दोन दिवस आधी कानामागे कोण करणार? सगळ्यात फसवी बाब अशी की ही ॲलर्जी पहिल्याच वेळी येते असे नाही. दहा-पंधरा वर्षे काही होत नाही आणि मग एक दिवस अचानक शरीर नाकारते. आमच्या एका सहशिक्षिकेचे असेच झाले. रविवारी नेहमीसारखा डाय केला, सोमवारी डोळे उघडेनात इतका चेहरा सुजला. आठवडाभर रजा. शाळेत कळवले ‘मुंग्या चावल्या’. डॉक्टरांनाही पहिल्या दिवशी तिने डायचे सांगितले नाही, त्यामुळे उपचार भलतेच सुरू झाले. त्या पुडीपेक्षा तिला त्रास दिला तो लाजेने, असे मला आजही वाटते. यावर उपाय म्हणून बऱ्याच जणी ‘काळ्या मेंदी’कडे वळल्या, नैसर्गिक म्हणून. पण मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस नारिंगी असतो. राजस्थानातल्या सोजतची मेंदी देशभर नावाजलेली, २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले, तीसुद्धा लालच रंगते. अर्ध्या तासात काळा रंग देणाऱ्या मेंदीत मेंदीशिवाय आणखी काहीतरी असते, आणि ते पुष्कळदा पीपीडीच असते.

नव्वदच्या दशकात बाजार उघडला. १९९४ मध्ये लोरिआलने भारतात आपली कंपनी सुरू केली, पुढे पुण्याजवळ चाकणला तिचा कारखानाही आला. टीव्हीवर बायका केस उडवत रंग सांगू लागल्या: बर्गंडी, चॉकलेट, महोगनी. काळा सोडून दुसरा रंग घेणे म्हणजे मी केस रंगवले आहेत हे उघड मान्य करणे. इथे ‘डाय’ संपला आणि ‘कलर’ सुरू झाला. गोदरेजने २०१२ मध्ये क्रीमचा रंग तीसेक रुपयांच्या पाकिटात आणला आणि ज्या घरांत फक्त पुडी परवडत होती तिथेही क्रीम पोचले.

आणि मग आले ‘सलून क्वालिटी’ हे शब्द. मुंबईच्या बीब्लंट या सलूनची गोष्ट याचे चांगले उदाहरण आहे. अधुना अख्तर आणि अवान काँट्रॅक्टर यांचे हे नावाजलेले सलून. २०१३ मध्ये गोदरेजच्या कंपनीने त्यात भागीदारी घेतली आणि पुढे त्याच नावाने घरी लावायचा केसांचा रंग बाजारात आला, ‘सलून सीक्रेट’. २०२२ मध्ये हे नाव मामाअर्थवाल्या होनासा कंपनीकडे गेले. सलूनचे गुपित खोक्यात घालून किराणा दुकानाच्या फळीवर! याशिवाय पूर्वी फक्त पार्लरवाल्यांनाच मिळणाऱ्या ट्यूब आणि डेव्हलपरच्या बाटल्या आता क्रॉफर्ड मार्केटपासून मोबाईलपर्यंत कुठेही, कुणालाही मिळतात.

यात नेमके गुपित काय, हे मी जरा खोलात जाऊन पाहिले. बरीचशी रसायने तीच, शतकभरापूर्वीच्या घराण्यातली. फरक आहे तो मोजमापात. ट्यूबवर आकडे असतात. टिंबाच्या आधीचा आकडा गडदपणा सांगतो, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिका. टिंबानंतरचा आकडा छटा सांगतो. डेव्हलपर म्हणजे पेरॉक्साइड, त्याचे १०, २०, ३०, ४० असे ‘व्हॉल्यूम’ असतात, म्हणजे ३, ६, ९ आणि १२ टक्के. पांढरे केस झाकायला साधारण २० पुरते. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला रंग, असे नाही. जास्त आकडा म्हणजे केसाची जास्त नासाडी. कालवायला भांडे प्लॅस्टिकचे किंवा काचेचे, धातूचे नको, धातूने पेरॉक्साइड बिघडते. वराहमिहिराला आणि आजीला जे लोखंड हवेच होते ते इथे चालत नाही. आणि केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणून पुढच्या वेळी फक्त मुळांना लावायचे, दर वेळी टोकापर्यंत नाही.

हे सगळे कळल्यावर माझ्या लक्षात आले की सलूनमध्ये आपण ज्याचे पैसे देतो ते ट्यूबमध्ये नसतेच. आपले डोके मागून बघणारा दुसरा माणूस, भांग पाडून थोडे थोडे केस घेणारा हात, ‘बाई, इथे कातडी लाल दिसते, आज नको’ म्हणणारी नजर, हे सलून. खोक्यात फक्त रंग येतो. बाकीचे घरी आपल्यालाच आणावे लागते, आणि ते गुपचूप आणता येत नाही. मागचे केस स्वतःला दिसत नाहीत, त्यासाठी घरातले कुणीतरी लागतेच.

टाळेबंदीत हेच घडले. मार्च २०२० च्या अखेरीस सलूने बंद झाली ती महाराष्ट्रात २८ जूनला उघडली. पहिल्यांदा ज्या मोजक्या सेवांना परवानगी मिळाली त्यांत केस कापण्याबरोबर केस रंगवणेही होते. सरकारी आदेशात कलपाला जागा मिळाली, यापेक्षा मोठी मान्यता ती काय! मधल्या तीन महिन्यांत उपनगरांतल्या कितीतरी घरांत मुलांनी आयांचे, नवऱ्यांनी बायकांचे केस रंगवले. ज्या कामासाठी आम्ही न्हाणीघराला कडी लावत होतो ते हॉलमध्ये, खिडकीशी, जुना पेपर पसरून झाले. आणि काही जणींनी त्या तीन महिन्यांत आरशात स्वतःचे पांढरे केस पाहिले, बरे वाटले, तसेच ठेवले. मी त्यांतली एक. माझ्या धाकट्या बहिणीने उलट पहिल्यांदाच बर्गंडी केले. आम्हा दोघींनाही कुणी काही बोलले नाही.

एक गोष्ट मात्र सलूनच्या बाजूने सांगायला हवी. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये तज्ज्ञांची बैठक घेऊन सगळा पुरावा तपासला. स्वतःच्या केसांना रंग लावण्याबद्दल ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. पण केशकर्तनालयात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचा धोका त्यांनी ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला. आपण महिन्यातून एकदा हातमोजे घालतो. कोपऱ्यावरच्या पार्लरमधली मुलगी दिवसातून कितीदा तरी रंग कालवते, तिच्या हातात मोजे आहेत का हे आपण बघतो का? १८९० मध्ये त्या व्यवसायातल्या लोकांनी आपल्या बायकांसाठी वस्तरा खाली ठेवला होता. आपण निदान त्यांच्या हातमोज्यांची चौकशी करावी.

केस पांढरे ठेवावेत की रंगवावेत यावर माझे काही म्हणणे नाही. ज्याचे त्याने ठरवावे. ‘जिचे तिने ठरवावे’ असे म्हणता येण्यासाठीच एवढी सगळी वर्षे गेली आहेत. फक्त ज्या भाच्या-पुतण्या हे वाचत असतील त्यांना मास्तरीणबाईंचे एवढेच सांगणे, की खोक्यावर कितीही भारी नाव असो, आतला कागद चष्मा लावून वाचायचा. दर वेळी, गेल्या वेळी काही झाले नव्हते तरीही. शुक्रवारी कानामागे थेंबभर, रविवारी डोक्यावर. आणि मागची बाजू लावायला घरातल्या कुणाला तरी हाक मारायची.